गुरकटाले प्रश्न नसतात

"हिला मेकअप कमी लागेल."

हे त्या बाईचे शब्द. गळ्यात हेडफोन, हातात टॅब, पायात पांढरे बूट. माह्या हनुवटीखाली दोन बोटं लावून तिनं माहं तोंड उजवीकडं फिरवलं, मंग डावीकडं. बैलबाजारात दात पाह्यच्या आधी बैलाचं थोबाड फिरवतात तसं. मंग मांडवातल्या सगळ्याईले आयकू जाईन अशी बोलली. मांडव हसला. खुर्च्याईवर बसले होते थे हसले, खुर्च्याईमागं उभे होते थे बी हसले. मी बी हसली.

तुले राग नाही आला का, असं आता लोक मले विचारतात. नाही आला. खोटं कायले सांगू? काहीच आलं नाही. थंडीत हात बधिर झाल्यावर इळा लागला तर रक्त दिसते, पण दुखत नाही. तसं झालं.

अजून एक सांगून ठेवतो. मी बाई आहो अन् 'मी सांगतो' म्हणतो. आमच्या राळेगावकडं बाया अशाच बोलतात. मी जातो, मी येतो, मी करतो. यवतमाळले कॉलेजात एकांकिका करत होती तवा यावरून लय बोलणे खाल्ले. "अगं, तू मुलगी आहेस ना? मग जाते म्हण की." म्हणून शिकली. जाते, येते, करते. मला, तुला, का. स्टेजवर चढली की माही जीभ इस्त्री केल्यावानी सरळ व्हायची. एकदा बक्षीस बी भेटलं. पण हे सांगणं त्या इस्त्रीच्या भाषेत होणार नाही. काहून होणार नाही, थे पुढं येईनच.

त्या हिवाळ्यात आमच्या गावामागच्या सागाच्या जंगलात शूटिंग आलतं. मोबाईलवर पाह्यची मालिका. जादूची. एक राजकन्या, एक उडणारा घोडा, एक आपोआप चमकणारी तलवार. अन् राजकन्येच्या राज्यावर चालून येणारी एक जमात. तिचं नाव गुरकट.

माणसं जमवायचं काम विक्कीनं घेतलं. विक्की म्हणजे गावातल्या मोठ्या घरचा पोट्टा. पुढाऱ्याईच्या सभेले ट्रॅक्टर भरून माणसं नेते तोच. त्यानं दोन टोळ्या केल्या. राजकन्येचे शिपाई त्याच्या गल्लीचे. गुरकट आमच्या पुऱ्यातले. आमचा पुरा म्हणजे गावाच्या खालच्या अंगाचा, बुद्धविहाराभोवतालचा. शिपाई व्हता का, असं आमाले कोणी विचारलं नाही. गुरकट व्हता का, असं त्याईले कोणी विचारलं नाही. विक्कीनं हे ठरवून केलं असं बी मी म्हणत नाही. अंधारात आपल्याच घरच्या बटनावर हात बरोबर जाते, तसा गेला त्याचा हात.

आमच्या बाया वेचणी सोडून आल्या. "वावरात दिवसभर वाकून कापूस वेचतो, अथी वाकून गुरकू. वाकणं काही सुटत नाही बापा," असं मोठीमाय म्हणाली. मोठीमाय म्हणजे माह्या मायची मोठी बहीण, पंचफुलाबाई. माह्या मायचे टोंगळे, म्हणजे गुडघे, गेले म्हणून थे घरीच राहते. मोठीमायचे टोंगळे बी कुरकुर वाजतात, पण तिचं तोंड त्याहून जास्त वाजते.

मी गेली थे वेगळ्या लोभानं. मले बोलायचं काम देणार होते. गुरकटाईची म्होरकी बाई. "पडद्यावर तुझं नाव येईल," असं टॅबवाल्या बाईनं सांगतलतं. नाव. माहं नाव, पडद्यावर, अन् माय चष्मा पुसून थे वाचून राह्यली. एवढंच माह्या डोक्यात होतं. त्याच्यासाठी मी हनुवटी फिरवू दिली.

पह्यल्या दिवशी डायरेक्टर सरनं आमाले झाडाखाली बसवलं अन् समजावून सांगतलं. सर वाईट माणूस नव्हता. कोणावर हात उचलत नव्हता, 'आजी' म्हणून हाक मारे. दाढी कुरवाळत, मन लावून सांगे.

"हे बघा, गुरकट म्हणजे अर्धी माणसं. ठेंगणी, वाकलेली, चपट्या नाकाची, चिखलाच्या रंगाची. कच्चं मांस खातात. त्यांना भाषा नाही. गुरकतात फक्त. आणि मुख्य गोष्ट, त्यांना प्रश्न पडत नाहीत. गुरकट कधी 'का' विचारत नाही. म्हणून तर ते कुणाचेही गुलाम होतात. कळलं?"

मोठीमायनं हात वर केला. "साहेब, कच्चंच काहून खातात जी? त्याईच्यात बायका नाहीत का शिजवाले?"

सगळे खिदळले. सर बी हसला. "आजी, तुम्ही गुरकट आहात. तुम्ही विचारायचं नाही."

मंग माह्या हातात कागद आला. राजकन्येचे संवाद लंबे लंबे. माह्या नावासमोर नुसता कंस. कंसात लिहेल: गुरकते. खाली पुन्हा कंस: गुरकते. शेवटच्या पानावर: गुडघे टेकते, गुरकते. मी कागद उलटून पाह्यला. मागं कोरा होता. टॅबवाल्या बाईले म्हटलं, इस्त्रीच्या भाषेत, "मॅडम, मला बोलायचं काम आहे असं म्हणाला होतात." थे म्हणाली, "अगं, हेच बोलायचं काम आहे. बाकीच्यांना तर तेवढंही नाही."

रबरी चेहरा पहाटेच लावत. कपाळापासून गळ्यापर्यंत. आधी एक चिकट पाणी, त्याचा वास डोक्यात चढे. मंग रबर, मंग चिखलाचा रंग, मंग दात. दात घातले की ओठ मिटत नव्हते, लाळ गळे. "छान, लाळ राहू दे," असं म्हणत. दोन-तीन घंट्यानं चेहरा मरून जाये. माशी बसली तर समजत नव्हतं. आरशात पाह्यलं तर एक गुरकटीण पाहून राह्यली माह्याकडं, अन् मले तिची दया बी नाही आली, भेव बी नाही. मी नुसती पाहत बसली.

अन् नियम होते. गुरकटाईनं खुर्चीवर बसायचं नाही, रंग लागते. राजकन्येच्या गाडीजवळ जायचं नाही, रंग लागते. पाण्याचे कॅन वेगळे, त्या मोहाच्या झाडाखाली, कारण गिलासाले रंग लागते. जेवाचं ताट हातात घेऊन खाली जमिनीवर, मांडवाच्या बाहेर. शिपायाईच्या पंगतीत नाही. कारण रंग.

खरंच लागे रंग. खोटं नव्हतं थे. मी स्वतः पाह्यलं, एका खुर्चीच्या पांढऱ्या कापडावर माह्या हाताचा अख्खा पंजा उमटला होता. पण मोठीमाय जमिनीवर मांडी घालून, दात काढून पदरात ठेवून, भात कालवता कालवता म्हणाली, "माही आजी सांगे, रंग नव्हता तवा बी लागत होता."

बाया हसल्या. मी भात खाल्ला. भाताले चव नव्हती, का माह्या तोंडाले नव्हती, माहीत नाही.

मंग थो सीन आला. राजकन्या घोड्यावरून जंगलातून जाते, घोडा बुजते, थे पडते, अन् झाडाईमागून गुरकट सोटे घेऊन तिच्यावर तुटून पडतात. आमाले दहादा समजावलं. ती पडली रे पडली की धावायचं, घेरायचं, सोटे उगारायचे, गुरकायचं. बस.

खाली गादी टाकेल होती, तिच्यावर पाला. राजकन्येचं काम करणारी पोरगी नाजूक, आमच्याकडच्या बारावीच्या पोरीएवढी दिसे. घोडा बुजवला. थे पडली, पण गादीच्या काठावर पडली, अन् तिचा पाय मुडपला. "आई गं!" असं जोरानं ओरडली. थे ओरडणं कागदावर नव्हतं.

अन् आमचे सगळे गुरकट धावले. सोटे तिथंच टाकून. "लागलं का वं माय?" "सरका, सरका, तिले हवा लागू द्या!" "पाय सरळ कर बाई, सरळ कर!" कोणी पाणी आणाले पळाली. मोठीमाय तर खाली बसून, रबरी नखाईच्या हातानं तिचा घोटा चोळून राह्यली होती अन् तोंडानं "काही नाही झालं, काही नाही झालं" चालू. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. थे सगळं कॅमेऱ्यात आलं. अख्खी राक्षसाची फौज एका पोरीचा पाय चोळून राह्यली.

थे पोरगी तशीच पडेल होती. तिचे डोळे मिटेल होते. मंग तिनं डोळे उघडले, जवळून माहं तोंड पाह्यलं, अन् किंचाळली. "शी! रंग! ड्रेसला रंग लावला यांनी! उठवा यांना!"

सर धावत आला. पह्यल्यांदाच त्याचा आवाज चढला. "कट! कट! अरे, राक्षस आहात तुम्ही! राक्षस कधी विचारपूस करतात का?"

मोठीमाय खालूनच म्हणाली, "काहून? राक्षसाईले लेकरं नसतात का?"

आवाज पकडणारा एक पोट्टा होता, लंबी काठी घेऊन फिरे. त्यानं कानावरचं काढलं अन् सरले हाक मारली. "सर, हे ऐका ना. हा शब्द. कसला भारी येतोय." सरनं कानाले लावलं. आयकलं. पुन्हा आयकलं. चेहरा खुलला त्याचा.

"काहून," तो म्हणाला. "काहून! वा! ऐकायलाच कसं जंगली वाटतं! पोटातून येतं. हीच गुरकटांची डरकाळी. सगळ्यांनी. सोटा जमिनीवर, आणि काहून!"

मी उठून त्याच्याजवळ गेली. दात काढले. म्हटलं, "सर, ती डरकाळी नाही. तो शब्द आहे. 'का' असा त्याचा अर्थ आहे."

"मला माहीत आहे गं," तो म्हणाला. खरंच गोडीनं म्हणाला. "वऱ्हाडी आहे. पण अर्थ कोणाला हवाय? आवाज पाहिजे."

मंग दिवसभर आम्ही थेच केलं. सोटा आपटायचा अन् ओरडायचं. काहून! सोटा. काहून! सोटा. अजून जोरात, अजून घशातून. काहून! दुरून एकदा, जवळून एकदा, पळत एकदा, मरता मरता एकदा. शिपाई झालेले गावातले पोट्टे आधी हसले, मंग आमच्यासंगं ओरडू लागले, अन् संध्याकाळ होता होता तेच ओरडून राह्यले होते, आमचे तर घसे बसेल होते. माह्या तोंडात थो शब्द रवंथ केलेल्या चाऱ्यासारखा झाला. का, हू, न. कुठं काही नाही त्याच्यात. शब्द मेला तरी मले वाईट नाही वाटलं. मी नुसती सोटा आपटत होती.

घरी आली. तोंड धुतलं, राख लावून धुतलं, तेल लावून धुतलं. कानामागचा रंग गेलाच नाही. मायनं भाकर वाढली. मी ताटाकडं पाहत बसली.

माय म्हणाली, "काहून वं, जेवत काहून नाहीस?"

मले गुरकणं आयकू आलं. खरं सांगतो. माह्या मायच्या तोंडातून, चुलीच्या उजेडात, मले गुरकटीण आयकू आली. तिचे ओठ हालले अन् आतून थो आवाज आला, सोट्याचा आवाज बी आला. मी ताट बाजूले सरकवलं.

म्हटलं, "माय, तू थो शब्द नको म्हणत जाऊ."

"कोणता?"

"काहून."

माय माह्याकडं पाहत राह्यली. मंग म्हणाली, "काहून?"

अन् थांबली.

चेष्टा नव्हती केली तिनं. तिले खरंच समजून घ्यायचं होतं. भाकरीचा हात तसाच हवेत, मान उलसक वाकडी, डोळे माह्या तोंडावर. उत्तराची वाट पाहून राह्यली होती. चुलीवरच्या भाकरीचा करपल्याचा वास येऊ लागला तरी हालली नाही.  काय सांगणार होती मी? जंगली वाटते म्हणून? कोणाले वाटते? त्याले वाटते म्हणून मी तुह्या तोंडाले कुलूप लावतो?

तवा मले समजलं. एवढी शिकेल मी, एवढ्या एकांकिका केल्या, अन् चुलीजवळ समजलं. गुरकणाऱ्याले उत्तर नाही लागत. विचारणारा थांबते. दिवसभर आम्ही थो शब्द ओरडलो अन् एकदा बी थांबलो नाही. आमाले थांबूच दिलं नाही. सोटा आपटला, ओरडलं, पुढचा शॉट. सरनं आमचा शब्द तोडला नव्हता, त्याच्यामागचं थांबणं काढून घेतलं होतं. थांबणं काढलं की प्रश्नाची डरकाळी होते.

माय अजून पाहत होती. म्हटलं, "काही नाही माय. म्हण तू. म्हणत जाय." मंग जेवली. करपेल भाकर जेवली. पह्यल्यांदा डोळ्यात पाणी आलं, पण थे रागाचं होतं, अन् राग आला म्हणून मले बरं वाटलं.

शेवटचा दिवस. शेवटचा सीन. लढाई संपली, गुरकट हरले. राजकन्या टेकडीवर उभी, आजूबाजूले शिपाई. खाली आम्ही. राजकन्येनं म्हणायचं, "अजाण जिवांनो, तुम्हांला अभय आहे. गुडघे टेका." मंग मी सगळ्यात पुढं टोंगळे टेकायचे, कपाळ मातीले लावायचं. राजकन्या माह्या डोक्यावर पाय ठेवणार. मंग मी गुरकायचं, पण आता गरिबावानी. "कृतज्ञ गुरकणं पाहिजे," असं सर म्हणाला. माहं नाव पडद्यावर याच सीनवर येणार होतं.

राजकन्या म्हणाली. वारा बरा होता, तिची ओढणी चांगली उडत होती. माह्यामागं बायाईचे टोंगळे टेकल्याचे आवाज आले. मोठीमायचे टोंगळे वाजले थे बी आयकू आले.

मी उभीच.

दात थुंकले. रबर तसंच होतं तोंडावर, ओठ बधिर, पण शब्द निघाला. जोरानं नाही. मायनं विचारलं होतं तसा.

"काहून?"

अन् थांबली.

सरले वाटलं मी चुकली. "गुडघे आधी! मग गुरकणं!"

मी राजकन्येकडून मान वळवून त्याच्याकडं पाह्यलं. "काहून टेकू?"

"अगं, स्क्रिप्टमध्ये आहे."

"काहून आहे?"

सर हातातले कागद चाळू लागला. टॅबवाली बाई माह्याकडं आली, मंग अर्ध्या रस्त्यात थांबली. विक्की पळत आला, दबक्या आवाजात म्हणाला, "काय लावलं वं तू? गावाची इज्जत घालवशीन. टेक टोंगळे अन् मोकळी हो."

म्हटलं, "विक्कीभाऊ, शिपाई तुह्या गल्लीचे अन् गुरकट आमच्या पुऱ्याचे. काहून?"

"आता हे काय मधातच..."

"सोपं विचारलं. काहून?"

तो एकदा शिपायाईकडं पाहे, एकदा आमच्याकडं. मले वाटते त्याले बी पह्यल्यांदाच दिसलं थे.  मी वाट पाह्यली. सगळे वाट पाहून राह्यले होते. कॅमेरा बी चालू होता, कोणी कट म्हटलंच नव्हतं.

मागून कुरकुर आवाज आला. मोठीमाय एका हातानं सोटा टेकून उभी होत होती. "सांग ना रे विक्की," थे म्हणाली. "तू झाला तवा तुह्या मायच्या बाळंतपणात मीच होती अंगणात. प्यायचं पाणी बी वरून ओतत होते मले. सांग, काहून?"

मंग दुसरी उठली. मंग अजून. सगळ्या नाही उठल्या. काही बाया टोंगळ्यावरच राह्यल्या, खाली पाहत. त्याईचे हात मातीत होते. मी त्याईले काही म्हणत नाही, त्याईच्या घरची गत मले माहीत आहे.

सरनं कट म्हटलं. पाणी पेला. मंग टॅबवाल्या बाईच्या कानात काही बोलला. माह्या तोंडावरचं रबर त्या बाईनं स्वतः काढलं, हळू काढायचं तेल होतं पण लावलं नाही. भुवईचे केस निघाले त्याच्यासंगं. एक भुवई आजही अर्धी आहे. थे रबर धुतलं, पुसलं, अन् विक्कीच्या गल्लीतल्या एका ठेंगण्या पोट्ट्याले चढवलं. त्यानं टोंगळे टेकले. कपाळ लावलं. राजकन्येनं पाय ठेवला. त्यानं छान गुरकून दाखवलं. आम्ही मोहाच्या झाडाखालून पाह्यलं.

मालिका आली. लोकाईनं पाह्यली. शेवटी गुरकटीण टोंगळे टेकते अन् सगळे म्हणतात थे तूच. थे मी नोहो, पण अंग वाकेल, तोंड चिखलाचं, कोण ओळखणार? नाव आलं पडद्यावर. माहं नाही. लिहेल होतं: गुरकट, स्थानिक. मायनं चष्मा पुसून वाचलं. "हे काय लिहेल आहे वं?" असं तिनं विचारलं. म्हटलं, आपण.

अन् थो शब्द. थो तर त्याईनं ठेवला. राजकन्येचं कोणाले आठवत नाही, पण काहून सगळ्याईले आठवते. शाळेतले पोट्टे सोटे घेऊन खेळतात. यवतमाळले मुलाखतीले गेली तवा तिथल्या माणसानं गाव विचारलं, मी सांगतलं, तो हसून म्हणाला, "अच्छा, काहूनवाले." राळेगावच्या स्टँडवर मले पाहून एका टोळक्यातून आवाज आला. काहून! अन् बूट आपटल्याचा आवाज. अन् हसू.

आधी मी मान खाली घालून गाडीत चढली असती. तोंडाले पदर लावून. त्या दिवशी मी गाडीच्या दारातून खाली उतरली. चालत त्या टोळक्यापाशी गेली. ज्यानं आवाज दिला त्याच्यासमोर उभी राह्यली. चांगला पोट्टा होता, मिसरूड फुटेल, कॉलेजची बॅग.

म्हटलं, "काय काहून? प्रश्न पुरा कर."

"गंमत केली ताई."

"गंमत कायची? काहून म्हणजे काय, ठाऊक आहे ना तुले? तुही माय बी म्हणत असन. मंग विचार. काय विचारायचं होतं?"

 मी थांबली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, गाडी सुटली, मी हालली नाही. त्या पोट्ट्याचे मित्र एक एक करून सरकले. तो एकटा उभा राह्यला, कान लाल.  दुसरी गाडी लागेस्तोवर मी तिथंच होती.

आता मी असंच करतो. ऑडिशनले जातो, अन् मले, तुले, काहून म्हणतो. काम भेटत नाही. भेटलं तर मोलकरणीचं भेटते, नाहीतर हसवायचं. विचारतो, हसवायचंच काहून? ते म्हणतात, भाषाच तशी आहे. मी विचारतो, तशी काहून? मंग ते मले बाहेर बसवतात. मी बाहेर बसतो. घरी जात नाही.

मले समाधान नको. सरनं माफी मागावी असं बी नाही, तो चांगला माणूस आहे, मागन बी. माफी मागितली की विषय संपते. मले विषय संपवायचा नाही. मले उत्तर पाहिजे.

पडद्यावर थो पोट्टा माह्या तोंडानं टोंगळे टेकून आहे, टेकू द्या. मी उभी आहो. आमाले गुरकट काहून केलं? विचारलं आहे. आता थांबली आहो.